डोंगरगाडीचा ब्रेकवाला

काकूंचे यजमान आयुष्यात एकदाच परदेशी गेले, तेही कंपनीच्या खर्चानं, आणि त्या एका फेरीच्या जोरावर त्यांनी तीस वर्षं घरात मिशीला पीळ दिला. तिथल्या जुन्या करमणुकीच्या बागेत एक लाकडी डोंगरगाडी आहे, चढउतारांच्या रुळांवरून सुसाट धावणारी, तिच्यात आपण पुढच्या बाकावर बसलो. एकदा सुटली की तिला अडवणारा कुणी नाही. चांगले चांगले बाप्ये रडले, आपण डोळासुद्धा मिटला नाही. पाहुण्यांना चहाआधी ही गोष्ट मिळे, आणि शेवटी बायकोकडे बोट दाखवून साहेब म्हणत, "आणि आमची ही. स्टुलावर चढताना भिंत धरते."

काकू रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होत्या. दुसऱ्या गावी नवी प्रयोगशाळा निघाली तेव्हा तिथलं प्रमुखपद त्यांना देऊ केलं होतं. साहेब पोट धरून हसले. धाडस कशाशी खातात ते डोंगरगाडीत बसलेल्याला विचार, म्हणाले. काकूंनी नकार कळवला. रोज घाबरट घाबरट म्हटलं की माणूस घाबरतो, दुसरं काय होणार.

आता मुलाला परदेशातल्या त्याच, डोंगरगाडीच्या शहरात नोकरी लागली होती आणि दोघं त्याच्याकडे आली होती. दुपारी तो दोघांना बागेच्या दाराशी सोडून कामावर गेला. डोंगरगाडी जागच्या जागी होती, जुनी म्हणून जपलेली, रंगवलेली. उंची म्हणाल तर दुमजली घराएवढी.

"तेव्हा उंच होती," साहेब म्हणाले. लाकूड काय झिजून निम्मं होतं?

शिवाय त्यांची पाठ नेमकी आजच धरली होती. काकूंनी बॅग त्यांच्या मांडीवर ठेवली आणि एकट्या जाऊन पुढच्या बाकावर बसल्या. बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, खोटं कशाला बोला.

गाडी सुटायच्या आधी एक जाडा माणूस गाडीच्या मधोमध दांडा धरून उभा राहिला. उतार आला की तो दांडा ओढी आणि गाडी मुकाट्यानं आवरे. एका वळणावर काकूंनी मागे पाहिलं, तर तो जांभई देत होता. उतरताना काकूंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, हे काम नवीन निघालं का? तो हसला. त्याचे आजोबाही हेच करायचे. ब्रेकवाल्याशिवाय ही गाडी कधी सुटलेलीच नाही.

काकूंना आधी खरंच वाटेना. मग किळस आली. नवऱ्याच्या शब्दाखातर त्यांनी हातात आलेलं प्रमुखपदाचं सोनं सोडलं होतं.

साहेब बॅग पोटाशी धरून बाकावर बसले होते. "घाबरलीस ना?"

"तुमच्या वेळचा ब्रेकवालाही असाच जाडा होता का हो?"

"कसला ब्रेकवाला?" साहेबांनी विचारलं.

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. भांडावं एवढीही त्यांची किंमत आता उरली नव्हती.

"काही नाही. मी अजून एकदा बसून येते," त्या म्हणाल्या. "तुम्ही बॅग धरा. तेवढं जमेल तुम्हाला."