भाऊंच्या डब्याला उपग्रह सापडेना

ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात काम कमी आणि वाट पाहणं जास्त. गाडीची वाट, पॅसेंजरची वाट, चहाची वाट. तेवढ्यात किस्से साचतात, आणि मालक आमच्या भाऊंसारखा असला तर त्यासाठी वेगळे कष्टही घ्यावे लागत नाहीत. वर्ध्यात मी त्यांच्याकडे बारा वर्षं बुकिंग लिहिलं. त्यातले हे किस्से एकाच वस्तूचे, रस्ता सांगणाऱ्या डब्याचे.

दोन हजार आठच्या सुमारास भाऊंनी मुंबईहून जीपीएस आणला. आमच्या भागात तोवर रस्ता पानठेल्यावर विचारायची पद्धत होती. डब्याची रीतसर पूजा झाली, स्क्रीनला कुंकू लागलं. मग भाऊ ड्रायव्हरला म्हणाले, "विठ्ठल, आता रस्ता हे मशीन सांगते. मग मले तुह्यासारखा जुना ड्रायव्हर कायले पाहिजे? नवा पोट्टा बी चालते. दिवाळीपर्यंत पाह्यतो."

विठ्ठल वीस वर्षं गाडी चालवत होता. जिल्ह्यातला प्रत्येक फाटा त्याला पाठ, आणि मुलगी बारावीला. तो फक्त "बरं" म्हणाला. भाऊंना माणसाची कदर नव्हती असं नाही. मशीनची जरा जास्त होती, एवढंच.

पहिली फेरी पुलगावची. मीही सोबत होतो. डब्याने निघताना आकाशातले उपग्रह शोधायला घेतले आणि पुलगाव आलं तरी शोधतच राहिला. तिथे लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो आहे, त्यामुळे भाऊंना कारण लगेच सापडलं.

"मिलिटरीवाले सिग्नल दाबून राह्यले."

डबा वर्ध्यातून निघतानाही आंधळाच होता, हे मी लक्षात आणून दिलं. भाऊ म्हणाले, "त्यांची पावर तुले काय माहीत!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. 'आमच्या एका गाडीपुरते सिग्नल सोडण्यात यावे, ही नम्र विनंती.' अर्ज आणि पुरावा म्हणून डबा घेऊन ते डेपोच्या गेटवर गेले. जागेचा अचूक ठावठिकाणा सांगणारं यंत्र घेऊन दारूगोळ्याच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाचं जे व्हायचं ते झालं. दोन तास बसवून ठेवलं. गाव, बाप, आजोबा, सगळं विचारून घेतलं.

परत आल्यावर भाऊ म्हणाले, "लय इज्जत देल्ली. बसाले खुर्ची देल्ली."

मग एकदा हिंगणीकडून बोर धरणावर पॅसेंजर न्यायचे होते. जंगल लागलं तसे भाऊ म्हणाले, "झाडं आडवी येऊन राह्यली." आम्ही धरणाच्या भिंतीवर पोचलो. तिथे डोक्यावर आकाशाशिवाय काहीच नव्हतं.

"आता काय आडवं येतंय, भाऊ?" मी विचारलं.

भाऊंनी वर पाहिलं. "ढग."

मे महिना होता. औषधालाही ढग नव्हता.

डबा मात्र इमानदार. सकाळी पिपरी मेघेला भाऊंच्या घरासमोर, गाडी बंद असताना त्याला जी जागा सापडली होती, तीच तो दिवसभर दाखवत राहिला. आम्ही धरणावर, आणि डब्याच्या मते गाडी घरासमोर. संध्याकाळी वहिनींना ही गंमत कळली तेव्हा त्या म्हणाल्या, "चांगलं हाय. मशीनच्या लेखी तरी तुम्ही घरी राह्यता."

पावसाळ्यानंतर कोणीतरी भाऊंना सांगितलं की गाडीचा पत्रा सिग्नल अडवतो. झालं! नागपूर रस्त्यावर भाऊंनी डबा धरून हात खिडकीबाहेर काढला. मागच्या ट्रकवाल्याला वाटलं, हे साइड देत आहेत. तो डावीकडून घुसला. विठ्ठलने गाडी सावरली म्हणून आज हे लिहितो आहे. भाऊंनी हात आत घेतला, डब्याकडे पाहिलं आणि हळहळले, "आताच येऊन राह्यलं होतं."

दिवाळी आठ दिवसांवर आली. नवा ड्रायव्हर एकदा येऊन गाडी पाहूनही गेला. भाऊंनी शेवटचा उपाय म्हणून शेजारच्या देवीदासला बोलावलं. तो रेडिओ दुरुस्त करायचा. त्याला कामाला लावून भाऊ समोरच्या ठेल्यावर चहा प्यायला गेले.

देवीदासने गाडी चालू करायला लावली आणि खिशातला छोटा रेडिओ लावला. नुसती खरखर. त्याने एकेक वायर पाहिली, मग सिगारेट लायटरच्या खाचेत विठ्ठलने खुपसलेला मोबाईलचा स्वस्तातला चार्जर उपसला. रेडिओवर भजन स्वच्छ ऐकू येऊ लागलं. मिनिटभरात डब्याला सात उपग्रह सापडले. चार्जर पुन्हा लावला, सातही गायब.

"हाच खराब सिग्नल फेकून राह्यला," देवीदास म्हणाला. "हा काढला की मशीन एकदम ओके."

विठ्ठल बोनेटला टेकून उभा होता. त्याच्याकडे पाहून मला फार वाईट वाटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखादी वस्तू दुरुस्त होऊ नये असं वाटलं. नव्या ड्रायव्हरची गोष्ट देवीदासलाही माहीत होती, सगळ्या स्टँडलाच माहीत होती. त्याने चार्जर उपसला नाही.

तेवढ्यात भाऊ आले. "सापडलं काय?"

"हे मशीन आपल्या भागाचं नाई, भाऊ," देवीदास म्हणाला. "मुंबईतच चालते."

"मी पह्यलेपासून हेच म्हणून राह्यलो!" भाऊ खूश झाले. त्यांनी डबा काढून बगलेत मारला आणि विठ्ठलला म्हणाले, "तू कुठी जाऊ नको बरं. त्या पोट्ट्याले मी नाई म्हणून सांगतो."

भाऊ ऑफिसात गेले, देवीदास दुकानात. मी गाडीत वाकून तो चार्जर नीट पाहिला.

"विठ्ठल, तुझ्या मोबाईलला तर ही पिन लागत नाही."

"माहीत हाय, दादा," तो म्हणाला, आणि पुलगावच्या पॅसेंजरला घ्यायला निघून गेला.