वेशीच्या आतली किल्ली

बोलता बोलता किल्लीबंधूंचा उजवा हात कमरेशी जायचा. सदऱ्याच्या आत करगोट्याला बांधलेली लोखंडी किल्ली चाचपायचा, ती जागेवर आहे अशी खात्री करून घ्यायचा, आणि मगच अर्धं राहिलेलं वाक्य पुरं व्हायचं. लग्नाच्या पंगतीत, न्हाव्याच्या खुर्चीत, बायकोच्या दहाव्याला नदीवर, कुठेही असोत, हात जायचाच. कर्जतच्या बाजारात त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. भातगिरणीत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं नोकरी केली, पण गिरणीतले हमालसुद्धा त्यांना किल्लीबंधूच म्हणत.

ती किल्ली मंडळाच्या खोलीची. मी ज्या वाचनालयात ग्रंथपाल आहे त्याला लागूनच ती खोली. मंडळाचा जन्म इंग्रजी अमदानीतला. घाटातल्या रेल्वेच्या कामावर असलेल्या साहेबांचा तेव्हा एक बंधुसंघ होता. बंद दारामागे शपथा, बिल्ले, दार ठोठावण्याच्या खुणा. आपल्या कारकुनांना आत मज्जाव. बाहेर उभं राहून कंटाळलेल्या त्या कारकुनांनी स्वतःचंच मंडळ काढलं. हातात हात गुंफलेला पितळी बिल्ला केला, शपथ लिहिली, आणि काम असं निवडलं की जे कुणीच अंगावर घेत नव्हतं: घाटात मेलेल्या बेवारस मजुरांना खांदा द्यायचा. पुढे माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांमधून आजारी माणसं खाली आणायला डोली आली, मग खाटा, कुबड्या, चाकांच्या खुर्च्या, ऑक्सिजनचे सिलिंडर. आजही हे सगळं फुकट मिळतं. माणूस कुठल्याही वेळी येवो, दार उघडलं पाहिजे.

म्हणून एक किल्लीबंधू. त्याची शपथ वेगळी होती. किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही आणि गावाच्या वेशीबाहेर न्यायची नाही. त्याची सुटका एकाच वाटेने: सात बंधू उभे असताना त्याने ती नव्या बंधूच्या ओंजळीत ठेवायची. नवा बंधू करून घ्यायलाही सातच लागत. नियम करणारे शहाणे असणार, पण मंडळात सात माणसं नेहमीच असतील असं त्यांनी धरून चाललं होतं.

किल्लीबंधू रोज संध्याकाळी वाचनालयात येत आणि खिडकीजवळच्या बाकावर बसत. तिथून मंडळाचं दार दिसतं. वाचत फक्त प्रवासवर्णनं. पुस्तक परत करताना लेखकाची एकच तक्रार असे. "ग्रंथपालबाई, हा गृहस्थ पार हिमालयात जाऊन आला, पण निघताना घराला कुलूप कुणी लावलं ते काही लिहीत नाही." मी हसले की तेही हसत. माथेरानचा डोंगर त्यांच्या गॅलरीतून रोज दिसायचा. बायकोने एकदाच हट्ट केला होता, छोट्या गाडीत बसून वर जाऊ या म्हणून. त्यांनी तिला शेजारणीबरोबर धाडलं, आणि ती परत येईपर्यंत गॅलरीत उभे राहिले.

त्यांची एकुलती एक लेक मंदा खालापूरला सरकारी कचेरीत नोकरीला. कर्जतहून खालापूर ते किती लांब! सकाळी निघालेला माणूस जेवून, वामकुक्षी घेऊन चहाला परत येतो. तिने तिथे घर बांधलं, वास्तुशांत केली, तिला मुलगी झाली. किल्लीबंधूंनी ते घर पाहिलं नव्हतं. मंदा रविवारी यायची आणि ते तिला खोदून खोदून विचारायचे. जिन्याला कठडा आहे का? तुळस कुठे ठेवलीस? एक प्रश्न तर ठरलेला असे.

"ओट्यावरच्या खिडकीतून टोलनाक्याचे दिवे दिसतात का गं?"

"मी नाही सांगणार. या आणि बघा."

"येतो, येतो. हा पावसाळा सरू दे."

"कुठला, बाबा? पावसाळे काय, दरवर्षी येतात."

मी एकदा म्हटलं, "एक दिवस किल्ली माझ्याकडे ठेवा. मी इथून हलत नाही." त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "ठेवली असती हो. पण शपथ मी या तोंडाने घेतलीय. लिहून दिली असती तर कागद फाडता आला असता." हात पुन्हा कमरेशी गेला. त्यांना ते कुलूप थोडं आवडतही होतं, असं मला वाटे. दार वाजवणाऱ्या माणसाच्या तोंडावर त्यांना बघून जे हायसं उमटायचं, ते सोडून जाणं सोपं नसणार. पण मंदा एस.टी.त बसून गेली की ते वाचनालयात येऊन पुस्तक उघडत, आणि पान उलटायचं विसरत.

नातीच्या बारशाआधी त्यांनी सुटकेचा एक प्रयत्न केला. गोमा हा गिरणीतला हमाल. माथेरानखालच्या आदिवासी वाडीतला, पण गिरणीमागच्या खोलीत राहणारा. वाड्यांवरून येणाऱ्या डोलीला वर्षानुवर्षं त्याचा खांदा होता. किल्लीबंधूंनी सभेत त्याचं नाव सुचवलं: आधी बंधू करून घ्या, मग किल्ली मी त्याच्या ओंजळीत ठेवतो. सभेला बंधू मोजून सातच होते. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

"गोमा चांगलाच आहे हो. पण..." अध्यक्ष म्हणाले.

त्या 'पण'शीच सभा अडली. नाही कुणीच म्हटलं नाही. पुढच्या सभेत बघू, असं ठरलं. बाहेर गोमा धुतलेला शर्ट घालून पायरीखाली उभा होता. किल्लीबंधूंनी बाहेर येऊन त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या वं," गोमा म्हणाला. "डोली उचलताना त्यो बिल्ला खांद्याला टोचला असता उगीच."

पुढची सभा झालीच नाही. त्याच वर्षी पावसाळ्यात मंडळातले दोन वृद्ध बंधू पाठोपाठ वारले. राहिले पाच. पाचांना नवा बंधू करता येईना, आणि नवा केल्याशिवाय सात होईनात. हे लक्षात आलं तेव्हा अध्यक्ष नियमावली पुनःपुन्हा वाचत राहिले, जणू एखादं पान चिकटून राहिलं असेल. किल्लीबंधू म्हणाले, "बघा, आपणच आत आणि आपणच कडी लावलेली." आणि दुसऱ्या दिवशी कुणाला तरी खाट काढून द्यायला गेले.

शेवटच्या वर्षी ते स्वतः मंडळाच्या खाटेवर होते. पाय उचलत नव्हते. कुणी आलं की गोमा त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून दारापर्यंत न्यायचा, ते खुर्चीतूनच वाकून कुलूप काढायचे. मंदा रजा घेऊन येऊन राहिली. "माझ्याकडे चला, मला तुमचं नीट करता येईल," म्हणून ती रडली. ते म्हणाले, "पावसाळा सरू दे." त्या वेळी चैत्र चालू होता.

एका सकाळी चहा घेऊन ते पडून राहिले आणि गेले.

चौघे बंधू बिल्ले लावून आले. मंडळाच्या बंधूला मंडळाच्याच बांबूंवर न्यायचं हा नियम. बांबू, सुतळी, मडकी खोलीत, खोलीला कुलूप, आणि किल्ली त्यांच्या कमरेला.

"किल्लीला हात लावायचा अधिकार आपल्याला नाही," अध्यक्ष म्हणाले.

"मग बाजारातून आणू बांबू."

"आपल्या माणसाला बाजारचे बांबू?"

"अहो, पण सात बंधू आता कुठून आणायचे?"

ऊन चढत होतं. ते आत पडले होते आणि ही माणसं त्यांना घराबाहेर कसं काढायचं यावर बोलत होती. गोमा फाटकाबाहेर उभा होता. मंदा उठली. तिने वडिलांच्या सदऱ्याखाली हात घातला, करगोट्याची गाठ सुटेना म्हणून दोरा कात्रीने कापला, आणि सगळ्यांमधून चालत फाटकापर्यंत गेली.

"गोमादादा, उघडा."

गोमाने किल्लीसाठी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. त्याला ती रीत कुणी सांगितली होती कोण जाणे. अध्यक्षांनी मान खाली घातली. पुढचा खांदा गोमाचा होता.

तेराव्यानंतर तो वाचनालयात आला. रुमालात कुलूप आणि किल्ली. "दाराला कडी घातलीय, बाई. लागंल त्यानं काढावं, न्यावं, परत आणून ठेवावं. तिरडीचे बांबू कोन चोरतंय?"

मी खिडकीतून त्या दाराकडे पाहिलं. कडी घातलेलं दार, बस्स. इतकं सोपं होतं.

कुलूप गोमाने मोडीत घातलं. किल्ली मंदा घेऊन गेली. परवा मी पहिल्यांदाच तिच्याकडे खालापूरला गेले होते. जिन्याला कठडा आहे. तुळस मागच्या दारी आहे. ओट्यावरच्या खिडकीत एका खिळ्याला ती किल्ली टांगली आहे. दिवेलागणीला मंदाने मला तिथे उभं केलं.

दिवे दिसतात.