दुर्बिणीचं अभ्यंगस्नान

आजोबांच्या दुर्बिणीला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली, त्या दिवशी मी तिच्यावर वाटीभर तेल ओतलं.

(शेंगदाण्याचं. घाण्यावरचं. हलकं काम आम्ही करत नाही!)

आमचे आजोबा, म्हणजे दादा, भिंगारच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. लष्कराच्या कॅम्पातल्या एका साहेबाची बदली झाली, तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात ते गेले पलंग आणायला आणि आले दुर्बीण घेऊन. आजी पुढं कितीतरी वर्षं जमिनीवर झोपली! गच्चीवर दादांनी पत्र्याची खोली बांधली. तिचं छप्पर चाकांवर मागं सरकायचं. आळीनं तिचं नाव ठेवलं ‘वेधशाळा’. आळीतल्या प्रत्येकानं आयुष्यातला पहिला शनी तिथंच, रांगेत उभं राहून पाहिला. शनी बघून झाला की दादा हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायचे. काही पोरं त्यापायी तीन-तीनदा शनी बघायची. (काही पोरं म्हणजे मी.)

पंच्याहत्तरीची टूम दादांच्या मुलीची, शकूआत्याची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती जामखेडहून आमच्याकडे आली होती. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी.

“आत्या, ऑपरेशननंतर बघ की. झकास दिसेल!”

“उद्या डोळ्यातलं भिंगच काढून टाकनार. ज्या डोळ्याला दादांनी शनी दावला, त्याच डोळ्यानं एकदा बघू दे की रं, बाळ्या.”

(बाळ्याला साठावं लागलंय.)

संध्याकाळी शेजारीपाजारी जमले. मी वेधशाळेत नळी सरळ उभी केली, झाकण काढलं, धूळ पुसली. तेवढ्यात खालून आत्या ओरडली, “आधी तेल घाल रं! न्हाईतर शनी काय दिसायचा न्हाई!”

आता आमच्या जिल्ह्यात शनी आणि तेल एका दमात ऐकलं की हात डोक्याला विचारायला थांबत नाहीत. मी चपला काढल्या, हात जोडले आणि ओतलं!

मंडळी वर आली. मी छप्पर ढकललं. हलेना. शेजारचे गायकवाडमामा लागले. तरी हलेना.

“तेल घातलं न्हवं?” आत्यानं विचारलं.

“घातलं की! वाटीभर!”

“मग चाकं कोरडी कशी?”

“चाकं?” मी म्हणालो.

मामांनी नळीत डोकावलं. भिंगाच्या पुढं नळीची पेल्यासारखी कड होती. त्यात तेल सुखानं नांदत होतं.

“आरं, हितं भजी व्हतील की!”

“भिंगारात जल्म गेला,” आत्या म्हणाली, “पन भिंग काय कळलं न्हाई ह्याला.”

मामांनी नळी तिरकी करून तेल वाटीत परत घेतलं आणि चाकांना घातलं. छप्पर सुळ्ळकन सरकलं. शनी वर हजर! पण भिंगातून दिसत होता नुसता तेलकट उजेड. मी रुमालानं पुसायला गेलो, तर तेल सगळीकडं सारखं पसरलं. मग माझी बायको, सुनंदा, खाली पळाली आणि दिवाळीतलं उरलेलं उटणं घेऊन आली.

“अहो, तेल उटण्यानंच निघतं!”

मी लावलं. भिंगावर छानपैकी लगदा झाला.

“आता पाट मांडा आन् ववाळा!” मामा म्हणाले. सगळे हसले. आत्या हसली नाही.

“सरक,” ती म्हणाली. भिंग काढून मांडीवर घेतलं. रिठ्याचं कोमट पाणी मागवलं आणि तान्हं पोर न्हाऊ घालावं तसं परातीत धुतलं. उन्हाळ्याची धूळ बसली की दादा असंच धुवायचे. गच्चीवर कुणी श्वास घेत नव्हतं. मी तर पुढच्या आठवड्याचेही श्वास राखून ठेवले होते!

पदरानं टिपून तिनं भिंग बसवलं, नळी फिरवली आणि डोळा लावला.



“दिसला का?” मी विचारलं.

डोळा तसाच ठेवून तिनं फक्त उजवा तळहात मागं पसरला. मी बावळटासारखा त्या हाताकडं बघत राहिलो. मग एकदम आठवलं आणि दोन-दोन पायऱ्या उतरत स्वयंपाकघरात पळालो. गूळ-शेंगदाणे आणून त्या हातावर ठेवले.

“कडं लई बारीक झालंय त्याचं,” गूळ चघळत ती म्हणाली. “वाळलाय बिचारा.”

सगळ्यांचे डोळे पाणावले. आता सगळं माफ, अशा समजुतीनं मीही एक शेंगदाणा तोंडात टाकला.

तशी आत्या वळली. “सुनंदा, उद्या डॉक्टर माझ्या डोळ्यातलं भिंग बदलनार. ह्याच्या डोक्यातलं बी बदलून मिळतंय का, तेवढं इचारून घे.”