पंच क्रमांक दोन

खुनाच्या पंचनाम्यावर मी खुन्याचीच सही घेतली. ही घटना विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण जुने सहकारी भेटले की विसरू देत नाहीत.

कोरेगाव तालुक्यातलं एक गाव. विहिरीवरच्या मोटारीच्या शेडजवळ पन्नाशी ओलांडलेला एक शेतकरी मरून पडला होता. डोक्यात मागून घाव. आम्ही सकाळी पोचलो तेव्हा सगळं गाव बांधावर उभं होतं. पंचनाम्याला दोन प्रतिष्ठित माणसं पंच म्हणून लागतात. पण मी ‘पंच’ म्हणताच गर्दी निम्मी झाली. कोर्टात खेटे घालायची हौस कुणाला असते? एकाच्या म्हशीची धार राहिली होती, दुसऱ्याला एसटी गाठायची होती. एका म्हाताऱ्या माजी सैनिकाला मी हाताला धरूनच थांबवलं. तो पंच क्रमांक एक.

दुसरा आपणहून पुढे आला. तिशी उलटलेला, नीटनेटका तरुण. प्रेतावर टाकायला त्याने घरून चादर आणली होती, आम्हाला पाणी दिलं होतं, कुत्री हाकलली होती. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्याने वळणदार सही केली. मी हवालदारांना म्हणालो, “गावात अशी चार पोरं असली तर आपण रजेवर जाऊ.”

सही झाल्यावर तो माझ्या कानाशी लागला. “साहेब, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. पर मागल्या आठवड्यात पुतण्याचं आन् ह्येंचं पाण्याच्या पाळीवरनं लय वाजलं हुतं.”

त्या काळी मी नव्या फौजदारांना एक व्याख्यान द्यायचो. खुनाची कारणं तीन : जमीन, बाई आणि पैसा. मृताला मूलबाळ नव्हतं, जमीन पुतण्याकडे जाणार होती, त्यात पाण्याचं भांडण. व्याख्यानातलं पहिलंच कारण पायाशी चालत आलं. दुपारच्या आत मी पुतण्याला ताब्यात घेतलं.

पोरगा साताऱ्याच्या एमआयडीसीत कामाला होता. साखरपुडा झालेला, लग्न तोंडावर आलेलं. पहाटे कुठे होतास, असं विचारलं तर म्हणाला, “घरात झोपलो हुतो.” दुसऱ्या दिवशी मोबाईलचा तपशील आला. ऐन खुनाच्या वेळी हा गडी आटपाडी तालुक्यातल्या एका नंबरावर तासभर बोलत होता. “कुणाचा नंबर?” तर म्हणे, “मित्राचा.” मित्राचं नाव विचारलं की मान खाली.

मला आनंद मावेना. सुपारी! आटपाडीकडचा मारेकरी बोलावला, आणि हा बांधावर बसून त्याला फोनवर वाट दाखवत होता. असा तर्क करायलासुद्धा अक्कल लागते, असं मला तेव्हा वाटलं.

पोराची आई ठाण्याच्या व्हरांड्यात येऊन बसली होती. ती विधवा होती. सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता तिने. मी बाहेर आलो की उभी राहायची.

“साहेब, दिराचं सुतक हाय, तारीक फुडं ढकलता यील. पर नवरदेव चौकीत बसलाय म्हनून पाव्हणं मागारी फिरलं, तर माझ्या पोराला दुसरी पोरगी कोन देनार? शेती करनाऱ्यास्नी कुनी देत न्हाई, आमच्या पोरानं कंपनीत चिकटून कसंबसं जमवलंय.”

“बाई, इथं खून झालाय आणि तुम्ही लग्नाचं काय घेऊन बसलाय?”

“खून व्हायचा त्यो झाला. लगीन अजून व्हायचं हाय,” ती म्हणाली.

मी तिला हवालदारांच्या हवाली केलं आणि दोन गाड्या घेऊन मारेकऱ्याला पकडायला आटपाडीकडे निघालो.

डाळिंबाच्या बागेतलं घर. आम्ही चारी बाजूंनी वेढलं. मी कमरेच्या पिस्तुलावर हात ठेवून हाक दिली आणि नंबर लावला. आत रिंग वाजली. पिठाने भरलेले हात पुढे धरून एक मुलगी दारात आली. त्या पहाटे पुतण्याशी या नंबरावरून कोण बोलत होतं, असं मी विचारलं.

“नंबर माझाच हाय. आमचं लगीन ठरलंय. म्याच बोलत हुते.”

बागेत औषध मारणारा तिचा बाप पंप पाठीवर घेऊनच धावत आला. लग्नाआधी फोनवर बोलायचं नाही, असा त्याचा हुकूम होता. पोरानं नाव का लपवलं, ते मला तिथे कळलं. सासरा बिघडेल म्हणून तो खुनाचा आरोप अंगावर घ्यायला तयार झाला होता! आणि मी काय केलं? दोन गाड्या भरून पोलीस नेऊन तेच गुपित सासऱ्याच्या अंगणात उघडं केलं.

“मोडलं म्हना लगीन!” बाप पंप उतरवत म्हणाला. “काल त्या गावातनं फोन आला, नवरदेव पोलिसांनी धरलाय म्हनून, तवाच माझं मन उडालं हुतं. त्या गावात आमास्नी सरळ माणूसच गावला न्हाई बगा.”

“फोन कुणी केला?”

“आदी बघितलेल्या पोरानं. लय चांगला पोरगा हुता त्यो. आमी चौकशीला गेलो, तर स्टँडवर ह्योच तुमचा मेलेला माणूस भेटला. त्यानं सांगितलं, पोराला फिट येत्यात. मग त्यानंच आपला पुतण्या दावला.”

मी नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. मी स्वतः पंचनाम्यात लिहिलेलं नाव होतं ते.

परतीच्या वाटेवर ड्रायव्हरला मधेच खोकला येत होता, आणि तो खोकला नव्हता.

संध्याकाळी मी त्याला निरोप धाडला, एक सही राहिली आहे. भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. मी त्याला चहा दिला आणि विचारलं, “आटपाडीला फोन कशाला केलास?”

त्याने कप खाली ठेवला. “त्येंनी माझ्याबद्दल खोटं सांगितलं हुतं. म्या खरं सांगितलं.”

मग एकेक येत गेलं. लहानपणी तापात एकदा त्याला फिट आली होती, त्यानंतर कधीच नाही. स्थळं यायची, पोहे खाऊन जायची, पुन्हा कळवायची नाहीत. त्याला वाटायचं, आपली शेती कोरडवाहू म्हणून. मग पुतण्याच्या साखरपुड्यात गाव जेवायला गेलं आणि स्टेजवर त्याने तीच मुलगी बघितली. विचारत विचारत तो नवरदेवाच्या चुलत्यापर्यंत पोचला. पहाटे मोटारीवर गाठून त्याला जाब विचारला.

“काय म्हणाला तो?”

“हसला. म्हनला, आरं, तुला फिट येत न्हाई ह्ये मला म्हाईत हाय. पर पोरगी चांगली हुती, ती आमच्या घरात पायजे हुती.”

मोटारीचा पाना शेडमध्येच पडला होता. तोच त्याने उचलला.

“आणि चादर कशाला आणलीस?”

“माशा बसाय लागल्या हुत्या साहेब.”

पाना त्याने विहिरीतून काढून दिला. त्या पंचनाम्याला मी तहसीलमधले दोन कर्मचारी नेले, आणि आधी ते त्या पहाटे कुठे होते ते विचारून घेतलं. त्याच्या घरी सापडलेल्या शर्टावरचं रक्त मृताच्या रक्ताशी जुळलं. कोर्टात बचावाच्या वकिलांनी पहिला पंचनामा पुढे करून मला विचारलं, “साहेब, माझ्या अशिलाला प्रतिष्ठित व्यक्ती असं आपणच लिहिलंय ना?” मी ‘होय’ म्हणालो. न्यायाधीशसाहेब रुमालाने तोंड पुसत राहिले. जन्मठेप झाली, पण त्या ‘होय’ने माझी रात्रीची झोप आठवडाभर उडाली.

मी नोकरीत नामचीन म्हणवले जाणारे खुनी पाहिले. वर्तमानपत्रात त्यांचे फोटो मोठे, पण समोर बसवलं की कारण एवढंसंच निघायचं. खून मोठा, म्हणजे त्यामागचं कारणही तेवढंच मोठं असणार, असं आपण धरून चालतो आणि मोठ्या वस्तू शोधत बसतो. इथे जमीन होती, पाणी होतं, म्हणून मी तिकडेच बघत राहिलो. पाहुण्यांना स्टँडवर सांगितलेलं एक वाक्य मी कुठे शोधणार होतो? त्या वाक्याने एक माणूस मेला, एक तुरुंगात गेला. नव्या फौजदारांना व्याख्यान देणं मी बंद केलं.

लग्न मात्र झालं. मुलीने बापाला सांगितलं, करीन तर याच्याशीच. मला पत्रिका आली नव्हती, पण सुटका मीच केली, आटपाडीला दोनदा जाऊन बापाची समजूत मीच काढली, तेव्हा फेटा तरी बांधतील अशा हिशेबाने मी साध्या वेशात कार्यालयात गेलो. नवरदेवाच्या आईने मला दारातच गाठलं. मी हात जोडले. तिने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, “आवं साहेब, तुमी कशाला आलासा? आता पहिल्या पंगतीला बसा, पोटभर जेवा आन् मागल्या दारानं निगा. तुमास्नी बघून पाव्हणं परत चौकशी कराय लागल्यात.”