सोनबाचं शिवलेलं काळीज

सोनबाच्या काळजाला जन्मतः भोक होतं. नऊ वर्षांचा असताना मुंबईच्या मोठ्या इस्पितळात ते शिवून घेतलं. तेव्हापासून पोलादपूरजवळच्या त्यांच्या वाडीत ठमाबाईंनी लेकाला भाताचा भारा काही उचलू दिला नाही. वाडीच्या शाळेत माझ्या हाताखाली शिकत होता तेव्हा कवायतीच्या तासाला तो सावलीत बसून इतरांच्या टोप्या सांभाळायचा. मोठेपणीही त्याने आईचा शब्द कधी मोडला नाही, असं आम्ही सगळेच समजत होतो.

चौऱ्याऐंशी साली त्याच्या जांघेत अंतर्गळ उतरला. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, म्हणून महाडच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. ठमाबाईंनी मला सोबत नेलं.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी छातीवरचा व्रण पाहिला, नळी लावून बराच वेळ ऐकलं. "कार्डिओग्राम बरा आहे. पण काळीज भूल कितपत सोसेल, ते कष्टाच्या कामावरून कळतं. चढ चढताना दम लागतो?"

"चढतोय कशाला तो?" ठमाबाई म्हणाल्या. "बसून खाऊ घालते मी त्याला."

"मग मला अंदाज कसा यायचा? मुंबईलाच न्या."

ठमाबाईंचा चेहरा उतरला. सोनबा नखं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "छबिन्याला काठी नाचवली, तर ते काम धरतात का?"

"कसली काठी?"

मीच सांगितलं. महाडच्या विरेश्वराच्या छबिन्याला, म्हणजे रात्रीच्या पालखीच्या मिरवणुकीला, गावोगावच्या सासणकाठ्या येतात. सासणकाठी म्हणजे देवाचं निशाण लावलेला उंच, जड बांबू; तो पेलून ढोलाच्या तालावर नाचवायचा असतो. धडधाकट गड्यालाही धाप लागते.

"कधीपासून नाचवता?"

"मिसरूड फुटल्यापासनं. दम लागतो, पण इतरांइतकाच. चक्कर कधीच नाय."

"मेल्या!" ठमाबाई उठल्याच. "मला म्हनायचास, मावशीकडं झोपाया जातो!"

"मावशीच फेटा बांधून द्यायची," सोनबा पुटपुटला.

डॉक्टरीणबाई हसल्या. "आई, रागावू नका. माझी काळजी निम्मी केली त्याने. करू आपण इथेच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कमरेखालची भूल दिली आणि टाके पडेपर्यंत त्याच्या नाडीवरचं बोट काढलं नाही. बाहेर येऊन म्हणाल्या, "काळीज एकदाही अडखळलं नाही. तीन महिने मात्र जड उचलायचं नाही."

ठमाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि खाटेशी गेल्या. "आयकलंस? जड उचलायचं नाय. पण बरं वाटलं का म्हशीची धार काढायची. लय आराम केलास."

आईने सांगितलेलं ते पहिलंच काम. सोनबा इतक्या खुशीत हो म्हणाला, की शेजारच्या खाटेवरचा माणूसही हसला.