न दिसणारं विष

दातांच्या दवाखान्यात एवढे किस्से का साठतात, सांगू? पेशंटचं तोंड उघडं असतं, पण त्याला बोलता येत नाही! मग त्याच्या वाटचं बाकीचे बोलतात. बायको बोलते, सोबत आलेला शेजारी बोलतो आणि आम्ही डॉक्टर तर बोलतोच. कल्याणच्या बाजारपेठेत भिडे डॉक्टरांच्या हाताखाली मी काही वर्षं काढली. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं, दात कोरायचं ड्रिल अजून पायानं चालवावं लागायचं. मित्र जमले की अजूनही म्हणतात, "काढ रे एखादा भिडे डॉक्टरांचा!" मी हसत सुरुवात करतो. पुढे पुढे मात्र हसवत नाही.

भिडे डॉक्टर म्हणजे देवमाणूस. पण कॉलेजातल्या प्रोफेसरांनी त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवली होती. सांधे धरले, डोळे अधू झाले, बारीक ताप हटेना, तर कारण दातांत शोधायचं. दाताच्या मुळाशी विष साठतं, ते रक्तातून अंगभर फिरतं, म्हणून दात काढायचे. एखादा नव्हे, सगळे! ही त्यांची एकट्याची लहर नव्हती, तेव्हा मोठमोठे डॉक्टर असंच मानायचे.

आणि नेमकी वहिनींची, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोची, बोटं सकाळी आखडायला लागली होती. दवाखाना खाली आणि घर वर, त्यामुळे मला ते दिसायचं. वहिनींचे दात म्हणजे काय सांगू! तिशी उलटलेली बाई, उसाचं कांडं दातांनी सोलायची. डॉक्टर त्या दातांकडे टक लावून बघायला लागले की मी काहीतरी विचारून त्यांना दुसरीकडे वळवायचो.

* * *

मानपाड्याचे धाकूबाबा एकदा हातात वाटी घेऊन आले. वाटीत पाणी, पाण्यात पांढरे किडे! गावात आलेल्या वैदूनं रिंगणीच्या काटेरी झुडपाच्या बियांची धुरी देऊन ते दाढेतून पाडले, असं बाबांचं म्हणणं. दाढ मात्र ठणकतच होती.

डॉक्टरांनी समजावलं, "बाबा, हे किडे नव्हेत. धुरीच्या उष्णतेनं बी फुटतं, त्याचे हे कोंब." बाबांना पटलं. दाढ निघाली. मग बाबा गुडघ्यावर हात टेकून उठताना कण्हले, आणि डॉक्टरांचे डोळे चमकले. "उरलेलेही काढू या. विष असतं त्यांत."

बाबांनी तोंडातला कापसाचा बोळा काढून हातात घेतला. "डाक्टर, त्या वैदूनं मना किडं तरी दाखवलं. तुमी मना इख दाखवा, मंग काढा!"

आणि चालते झाले. आम्ही पोट धरधरून हसलो. डॉक्टरही हसले.

* * *

ठाण्याचे सामंत कचेरीत हेडक्लार्क होते. खांदे इतके धरलेले की सदरा बायकोनं घालून द्यायचा. डॉक्टरांनी त्यांचे सगळे दात काढले. महिन्याभरानं सामंत आले आणि त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन दाखवले! डॉक्टरांचा आनंद गगनात मावेना.

तेव्हापासून कुणी पेशंट का कू करायला लागला, की सामंतांना ठाण्याला बोलावणं जायचं. ते बिचारे भरल्या दवाखान्यात हात वर करून उभे! एक म्हातारी घाबरून म्हणाली, "अगं बाई, यांना पोलिसांनी पकडलंय की काय?"

सामंतांच्या या यशानंतर डॉक्टरांना राहवेना. वहिनींना त्यांनी खुर्चीत बसवलं.

* * *

मी म्हटलं, "डॉक्टर, एकही दात किडलेला नाही हो."

"म्हणून तर भीती. विष दिसत नाही."

वहिनींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "भावोजी, ते सांगतात ते माझ्या भल्याचंच असणार ना?"

थोडे थोडे करून दात निघाले. प्रत्येक दात धुऊन डॉक्टर भिंगाखाली धरायचे. मुळं अगदी स्वच्छ. त्यांचा चेहरा उतरायचा, तरी पुढच्या खेपेला ते पुन्हा चिमटा उचलायचे. मला ते बघवत नसे. शेवटच्या दिवशी वहिनींनी आरशात पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि म्हणाल्या, "माझी आई जायच्या आधी अशीच दिसायची."

नंतर रोज डॉक्टर विचारायचे, "बोटं कशी आहेत?"

"बरी आहेत हो."

तेवढं ऐकून ते खाली यायचे आणि येईल त्या पेशंटला सांगायचे.

* * *

पुढे एकदा ठाण्याला तलावपाळीवर सामंत भेटले. बायको त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावून देत होती.

"अहो, खांदे पुन्हा धरले?"

"कधीचेच! मधे महिनाभर बरं होतं. तसं ते दात होते तेव्हाही मधूनमधून व्हायचं."

"मग दवाखान्यात हात वर कसे करता?"

"दात-ओठ खाऊन करतो म्हणालो असतो, पण आता नुसते ओठच उरलेत!" हसले, मग हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टरांना सांगू नका हं. एवढ्या मायेनं केलं त्यांनी. वाईट वाटेल."

मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. डॉक्टरांनी हातातला चिमटा धुऊन ठेवला. मग म्हणाले, "एखादं मूळ आत राहिलं असेल."

झालं! बरं वाटलं तर दात काढल्यामुळे, नाही वाटलं तर मूळ राहिल्यामुळे. अशा समजुतीशी भांडायचं कसं? त्यात आपली माणसं भिडस्त. ज्यांना गुण आला नाही ती परत येत नाहीत, आणि आलीच तर डॉक्टरांचं मन मोडू नये म्हणून "छान आहे" म्हणतात.

* * *

काही वर्षांनी एका सकाळी टपालानं परदेशी मासिक आलं. दवाखान्यात पेशंट नव्हता. त्यात लिहिलं होतं की सांधेदुखीच्या रोग्यांचे दात काढले काय आणि ठेवले काय, दुखण्यात फरक पडलेला दिसत नाही. ही समजूत आता सोडायला हवी. डॉक्टरांनी लेख वाचला, परत वाचला, मासिक माझ्या हातात दिलं आणि जिना चढू लागले. त्यांचा चेहरा पाहून मीही मागोमाग गेलो.

स्वयंपाकघरात शेजारच्या काकू कणीक मळत होत्या. वहिनी पाटावर बसलेल्या, वाकडी झालेली बोटं मांडीवर. डॉक्टर जेवायला यायच्या आत काकूंनी येऊन कणीक मळून जायचं, असं दोघींचं कधीपासून ठरलेलं होतं. आज डॉक्टर लवकर आले. काकू पिठाच्या हातांनीच उठून गेल्या.

डॉक्टर वहिनींसमोर जमिनीवर बसले. वहिनींचे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातांत घेतले.

"खरं सांग. एक दिवस तरी थांबलं का गं दुखायचं?"

वहिनी बोळक्या तोंडानं हसल्या. मग म्हणाल्या, "अहो, तुम्ही दात काढलेत ना, तेव्हा मात्र मला जरासुद्धा दुखलं नाही हं!"