आखरीचे दोन किलोमीटर

माझी बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटी. अमरावतीला मी कॉलेजच्या हॉकी टीममध्ये होतो, तेव्हा चिखलानं कडक झालेले माझे स्टॉकिंग्ज न्हाणीत बसून तीच घासायची. टीममध्ये होतो म्हणजे राखीव होतो. दोन वर्षांत फार तर तासभर मैदानावर उतरलो असेन. पण वडिलांना तेवढंही खूप होतं. ते दवाखान्यात वॉर्डबॉय होते. सुटी मिळाली की मला सायकलवर बसवून मॅच दाखवायला न्यायचे. बहिणीला कधी नेलं नाही. का नेत नाही, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

पुढं मी अकोल्यात एका शाळेत क्लार्क म्हणून लागलो. खेळणं सुटलं, पण बघणं सुटलं नाही. आपली भारताची टीम पुष्कळदा शेवटच्या पाच मिनिटांत हरायची. सगळी मॅच छान खेळायची आणि आखरीला गोल खायची. हे इतकी वर्षं पाहून माझं एक मत पक्कं झालं होतं: पाय थकत नाहीत, मन थकतं. स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, जिथं विषय निघेल तिथं मी हे सांगायचो.

बहिणीचा संसार मोडला आणि ती दोन बॅगा घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा ती चाळिशीला टेकली होती. मागची खोली तिला दिली. ती एका लॅबमध्ये कामाला लागली. सकाळी स्कुटीवर घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या रक्ताचे नमुने घ्यायचे, हे तिचं काम. घरात ती फारसं बोलत नसे. जेवण झालं की ताट घासून मागं निघून जायची.

टोकियो ऑलिंपिकमधली ब्राँझची हॉकी मॅच सकाळी होती. ती कामावर निघता निघता दारात थांबली आणि तिथंच उभी राहून शेवटपर्यंत मॅच पाहिली. अगदी अखेरच्या सेकंदांत जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला, आपल्या गोलकीपरनं तो अडवला, आणि मी ओरडत खुर्चीवरून उठलो आणि लहान पोरासारखा रडलो. ती माझ्याकडे बघत होती.

"दादा, तू त्याइच्यासाठी किती ओरडतं रे," ती म्हणाली.

त्याच हिवाळ्यात एके दिवशी चहा पिताना ती म्हणाली, "मले धावाचं हाय."

"काहून?"

"असंच. लांब धावाचं. थांबल्याबिगर."

मी हसलो नाही, याचं मला अजून बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही निघालो. ती सलवार-कमीजवर, पायात साधे कॅनव्हासचे बूट. मी स्कूटरवर मागून. पहिल्या दिवशी ती गल्लीतून निघून विजेच्या डीपीपर्यंत गेली आणि धापा टाकत रस्त्याच्या कडेला बसली. मी म्हटलं, "उद्या डीपीच्या पुढचं कडुलिंबाचं झाड." पुढच्या आठवड्यात ते झाड झालं. मग पेट्रोल पंप. उन्हाळ्यात अकोला कसा तापतो ते सांगायला नको. आम्ही पाचलाच बाहेर पडायचो. दिवाळीपर्यंत ती न थांबता पाच किलोमीटर धावू लागली. घरी आली की पायरीवर बसून लेस सोडता सोडता माझ्या बायकोला आज किती झालं ते सांगायची. त्या दिवसांत ती ताटावर बसल्या बसल्या हसायचीही.

पुढच्या हिवाळ्यात अमरावतीला दहा किलोमीटरची शर्यत होती. आपल्या गावात धावायचं म्हणून तिनंच नाव दिलं.

शर्यतीला तीन आठवडे उरले असताना तिची डावी जांघ दुखू लागली. आधी धावल्यावर, मग जिना चढतानाही. माझी बायको मला म्हणाली, "ताईचं काईतरी दुखून राहिलं. रात्री कूस बदलताना कण्हतात त्या. तुमी डॉक्टरले दाखवता का नाई?"

मी म्हटलं, "नव्या माणसाले दुखतेच. आता थांबली तर मग कधी धावनार नाई."

बहिणीनं ते ऐकलं. तिनं मालिशचं तेल आणलं आणि पुन्हा दुखण्याचं नाव काढलं नाही.

अमरावतीला मी एका जुन्या मित्राची स्कूटर मागून घेतली आणि रस्त्याच्या कडेनं तिच्याबरोबर चालवत राहिलो. सहा किलोमीटरपर्यंत ती छान होती. सातव्यात ती डावा पाय ओढू लागली. आठ संपले तिथं ती थांबली आणि एका भिंतीला हात टेकून उभी राहिली. चेहरा पांढरा पडला होता.

"दादा, आतमंदी काईतरी तुटल्यासारखं वाटून राहिलं."

मी स्कूटर उभी केली. खाली उतरलो. तिच्या पायाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आखरीचे दोन राहिले फक्त," मी ओरडलो. "सारे इथंच हारतात! पाय नाई थकला, मन थकलं तुवं. चाल!"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती निघाली. धावणं म्हणता येणार नाही त्याला. एक पाय टाकायची आणि दुसरा मागून आणायची. मी शेवटपर्यंत ओरडत राहिलो. लोक मागं वळून टाळ्या वाजवत होते, त्यामुळं मला आणखी जोर येत होता. तिनं रेघ ओलांडली, कोणीतरी तिच्या गळ्यात मेडल घातलं, आणि ती जिथं होती तिथंच खाली बसली. त्यानंतर तिला उठता आलं नाही. चौघांनी उचलून ऑटोत घातलं तेव्हा ती जी किंचाळली, ते मला अजून ऐकू येतं.

मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले, "आधी बारीक चीर असणार. तेव्हाच थांबल्या असत्या तर आरामानं भरून आली असती. आज दुखायला लागल्यावर किती चालल्या?"

"दोन किलोमीटर," मी म्हटलं.

त्यांनी एक्स-रे खाली ठेवला. मग त्यांनी कागदावर लिहायला सुरुवात केली.

स्क्रू टाकले. सहा महिने ती मागच्या खोलीत पडून होती. लॅबवाल्यांनी दोन महिने वाट पाहिली आणि दुसरी मुलगी ठेवली. हाड जुळलं नाही. त्याचा रक्तपुरवठाच तुटला होता आणि ते आतून सुकत गेलं. आता सांधा बदलावा लागेल म्हणतात. ती ऐकून घेते आणि विषय बदलते. काठी घेऊन फाटकापर्यंत जाते, परत येते. स्कुटी आम्ही विकली.

भेटायला आलेल्यांना ती सांगायची, "दादा होता म्हनून पुरं झालं." हे ऐकलं की मी उठून बाहेर जायचो.

एकदा दुपारी घरात दोघंच होतो. मी तिच्या खाटेशी जाऊन बसलो आणि म्हटलं, "माह्यामुळं झालं हे. मले समजाले पायजे होतं."



"मले समजलं होतं, दादा," ती म्हणाली. "हाड गेलं हे मले तिथंच समजलं होतं. थांबता आलं असतं."

"मंग काहून नाई थांबली व?"

"जल्मात पयल्यांदा कोनी माह्यासाठी ओरडून राहिलं होतं."

  मी तिच्या पायावरची चादर सारखी केली, ती आधीच सारखी होती.

मागच्या महिन्यात अपंगत्वाच्या दाखल्यासाठी तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. सकाळपासून रांगेत होतो. तिला भिंतीपर्यंत चालून परत यायला सांगितलं, ती चालली. डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिला, मोजला आणि अपंगत्वाचा टक्का लिहिला. चाळीसच्या खाली. चाळीसच्या खाली काहीच मिळत नाही. खिडकीतल्या बाईंनी समजावून सांगितलं की आणखी बिघडलं तर पुन्हा यायचं, तेव्हा बहुतेक चाळीसात बसेल.

"म्हंजे आनखी एक-दोन वर्षांनं," बहीण म्हणाली आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

बाहेर ऊन होतं. मी ऑटो आणायला गेलो, ती खांबाला टेकून उभी राहिली.